रबरवालं बाथमॅट: उन्हाळ्यात झकास, पावसाळ्यात डोक्याला ताप

मे महिन्यात ऑनलाइन घेतलं, मायक्रोफायबरचं, खाली रबर. पाणी मस्त शोषतं, घसरत पण नाही, तेव्हा काही तक्रार नव्हती. पण जुलै लागला, डोंबिवलीत आमच्या गॅलरीत आठ आठ दिवस ऊन नाही, मग काय, कुबट वास सुरू आणि उलटं करून बघितलं तर कडेने काळे ठिपके. रबरातून हवाच जात नाही ना, वरून हाताला कोरडं लागतं पण आत दमट ते दमटच. आता सगळ्यांच्या अंघोळी आटपल्या की रोज उचलून दांडीवर टाकते, मधोमध दुमडून नाही हां, दुमडलं की आतली बाजू ओलीच राहते, एका कडेला दोन चिमटे लावून लांब सोडायचं आणि वर पंखा फुल. तरी दीड दिवस घेतं! सासूबाईंचं जुनं सुती पायपुसणं त्याच पंख्याखाली रात्रीत खडखडीत. त्या बोलत काही नाहीत, नुसत्या बघतात.

२ स्टार, ते पण घसरत नाही म्हणून. घ्यायचंच असेल तर दोन घ्या, आलटून पालटून.