जॉर्ज जोन्सचा 'आय ॲम व्हॉट आय ॲम' (1980): काही महिने ऐकल्यावर

गेले काही महिने घरात सगळ्यात जास्त वाजलेला अल्बम हा. दहा गाणी, साधारण अर्धा तास, आणि सुखाने नांदणारं माणूस त्यात शोधूनच काढावं लागतं. कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं लोकप्रिय संगीत, म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे टोप्या आणि घोडेच येतात, त्यांनी आधी हा ऐकावा. इथे बार आहेत, सोडून गेलेल्या बायका आहेत आणि त्यांची आठवण जात नाही म्हणून बाटली जवळ केलेले पुरुष आहेत. विषय घासून गुळगुळीत झालेले. पण जोन्सचा आवाज लागला की ते पहिल्यांदाच कुणीतरी सांगतंय असं वाटतं, आणि इतक्या दिवसांनीही ते वाटणं कमी झालेलं नाही.

माणसाची थोडी माहिती हवी. जोन्स हा अमेरिकी कंट्री गायक, टेक्सासचा, जन्म 1931 चा. गायिका टॅमी वायनेटशी 1969 मध्ये लग्न, 1975 मध्ये घटस्फोट. दारू आणि कोकेनपायी इतके कार्यक्रम बुडवले की 'नो शो जोन्स' (न उगवणारा जोन्स) हे नावच पडलं. 1979 च्या अखेरीस तो अलाबामातल्या रुग्णालयात व्यसनावर उपचार घेत होता, आणि पुढच्याच वर्षी हा अल्बम आला.

पहिलंच गाणं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे'. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांनी लिहिलेलं. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन असं तो म्हणतो, विसरशील हळूहळू असं ती म्हणते. तिची 1962 सालची पत्रं तो उशाशी जपून ठेवतो, त्यातल्या प्रेमाच्या शब्दांखाली लाल रेघा ओढलेल्या. मग एक दिवस त्याचं प्रेम थांबतं, कारण तो गेलेला असतो. हे इतकं दुःखी गाणं कोण विकत घेणार, असं जोन्सचं स्वतःचं मत होतं. निर्माता बिली शेरिल मात्र अडून बसला. मधला बोलण्याचा तुकडा जोन्सला नशेत नीट म्हणताच येत नव्हता, त्यामुळे ध्वनिमुद्रण फार लांबलं. शेवटी गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं आणि 'कंट्री म्युझिक असोसिएशन'चा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार त्याने 1980 आणि 1981 असा दोनदा घेतला.

शेवट दुसऱ्या वेळी ऐकताना माहीतच असतो, तरी गाण्याची पकड सुटत नाही. कारण जोन्स ते रडून म्हणत नाही. शेजारच्या घरातली बातमी सांगावी तसा सुरुवातीला खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलतोच. चार्ली मकॉयचा माउथ ऑर्गन दुरून येतो, व्हायोलिनं चढत जातात, मागे उंच पट्टीतला बाईचा आवाज येतो, आणि हे सगळं वर जात असताना तो मात्र शब्द आतच धरून ठेवतो. रोज ऐकायचं गाणं नव्हे हे. मी हल्ली ते आठवड्यातून एखाद्या वेळीच लावतो.

गायकीबद्दल लिहायलाच हवं. आपल्याकडे भावगीतं ऐकून तयार झालेल्या कानाला जोन्स चटकन कळेल. तो जबडा फारसा उघडत नाही, दातांतून गातो. एकाच स्वरावर शब्द ठेवायचं सोडून खालून मींड घेत वर येतो, क्षणभर थांबतो आणि लहानशी हरकत घेऊन शब्द सोडून देतो. हरकत कधीच दाखवण्यासाठी येत नाही. जिथे वाक्याचा अर्थ दुखरा आहे तिथेच येते. सोबतीला पेडल स्टील गिटार, म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायची गिटार, तीही मींडेचीच. पुष्कळदा गिटार कुठे संपली आणि गळा कुठे सुरू झाला ते कळत नाही.

दारूच्या गाण्यांतलं सर्वांत मोठं 'इफ ड्रिंकिन डोन्ट किल मी'. पहाटेचे चार, बार बंद, हा कसाबसा गाडी घरापर्यंत आणतो आणि स्टिअरिंगवर डोकं टेकतो. हॉर्न वाजायला लागतो, सगळ्या आळीला कळतं की आजही पिऊन आला. दोनचार ओळींत आख्खा माणूस उभा केलाय. त्या काळात हे गाणं जोन्सने गाणं म्हणजे स्वतःचाच कबुलीजबाब लिहून देणं होतं, पण आवाजात दयेची याचना कुठेच नाही. मला विचाराल तर अल्बमचा कणा हे गाणं आहे.

टॉम टी. हॉलने लिहिलेलं 'आय एम नॉट रेडी येट' सुरुवातीला साधं वाटतं, पण महिनाभराने तेच मनात घोळत राहतं. 'आयव्ह एज्ड ट्वेंटी इयर्स इन फाइव्ह' तर नावातच सगळं सांगतं.

खटकणारं एकच गाणं, 'गुड हार्टेड वूमन'. वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सन या कंट्री गायकांनी ते आधीच गाजवलं होतं आणि त्या दोघांच्या बेफिकिरीत ते शोभतं. जोन्स ते नीट गातो, पण इथे त्याचं काम काय हे मला अजून कळलेलं नाही. मी ते पुढे ढकलतो. शेरिलची व्हायोलिनं आणि कोरस काही ठिकाणी जास्त दाट होतात, ही तक्रारही खरी आहे. हेडफोनवर ती जास्त जाणवते. समोर ठेवलेल्या स्पीकरवर, आवाज बेताचा ठेवून ऐकलं तर गळा पुढे येतो आणि बाकी सगळं मागे सरतं.

टेक्सासचे उच्चार अवघड वाटले तर एकदा शब्द समोर ठेवून ऐका, नंतर गरज पडणार नाही. नव्याने ऐकणाऱ्यांनी मूळ रेकॉर्डची दुसरी बाजू, म्हणजे 'आय एम नॉट रेडी येट'पासून पुढे, आधी ऐकावी. थेट पहिल्या गाण्याने सुरुवात केली तर उरलेली गाणी त्याच्या सावलीत जातात. आवडला तर याच जोन्सचा 1974 चा 'द ग्रँड टूर' घ्या. मी सध्या त्याला लागलोय, त्याबद्दल सवडीने लिहीन.