नॅनो-मातीचा लेप दिलेलं पॉलिएस्टर: पडदे शिवणारीचा अनुभव

मी रंगमंचाचे पडदे शिवते. पॉलिएस्टर पेटतं त्याहून ते ठिबकतं, याची मला जास्त धास्ती. साधारण २६० अंश सेल्सिअसला ते वितळतं आणि पेटता थेंब खाली कुणाच्या अंगावर पडला तर कातडीला चिकटून बसतो. म्हणून ‘अग्निरोधक’ म्हणून आलेल्या या कापडाला कात्री लावली ती आधी जाळून बघायलाच.

उघड्यावर, पाण्याची बादली शेजारी ठेवून, पट्टी चिमट्यात उभी धरली. खाली कापूस ठेवला. १२ सेकंद ज्योत लावली. साधी पट्टी आधी आकसली, मग टपटप गळू लागली आणि तिसऱ्या थेंबाला कापूस पेटला. लेपाच्या पट्टीवर मात्र काळी, खरखरीत खपली धरली. कडेला एक थेंब फुगला, लोंबकळला, पण पडला नाही. तो तसाच थिजलेला बघून मला फार बरं वाटलं. ज्योत काढल्यावर मात्र पट्टी लगेच विझली नाही, चार-पाच सेकंद जळत राहिली.

तेही समजण्यासारखं आहे. लेपातली माती म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. तिचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे. आगीत ते एकावर एक बसून कवच धरतात, उष्णता आत शिरायला वेळ लागतो आणि वितळलेलं पॉलिएस्टर दाट होऊन जागेवर राहतं. पण नुसती माती आग विझवत नाही, त्याला फॉस्फरसची जोड लागते. ती इथे आहे का, हे चिठ्ठीवर कुठेच नाही.

खरी तक्रार पुढची. चिठ्ठीवर ‘धुण्यायोग्य’ लिहिलंय. दहा धुण्यांनंतर तीच चाचणी केली, तर खपली तुटक धरली आणि दोन थेंब पडले. लेप किती धुण्यांपर्यंत टिकतो हे छापायलाच हवं, इथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. फॉस्फरस धाग्यातच गुंफलेलं पॉलिएस्टर मी वापरलंय. ते धुऊनही टिकतं, लवकर विझतं, पण ठिबकणं त्यालाही चुकत नाही.

कापड थोडं ताठ आहे, चुण्या जाडसर पडतात, रंग मात्र उतरलेला नाही. मी ते फक्त मागच्या पडद्याला वापरलं, जो कधी धुतला जात नाही. आतल्या पट्टीवर रंगीत दोऱ्याने ‘धुऊ नये’ असं टाचून दिलंय.