कॉम पोर्ट दिसत नाही म्हणून मदरबोर्ड ‘बदलून’ घेण्यापूर्वी

रबाळे एमआयडीसीत माझा वाहनांचा वजनकाटा आहे. काट्याच्या इंडिकेटरवरील वजन सीरियल पोर्टच्या (यंत्र संगणकाला जोडण्याची जुनी पद्धत; विंडोजमध्ये त्याला ‘कॉम पोर्ट’ म्हणतात) केबलमधून संगणकात येते, त्यावरून पावती छापली जाते आणि त्याच संगणकाला जोडलेल्या जीएसएम मोडेममधून वाहतूकदाराला वजनाचा एसएमएस जातो. गेल्या पावसाळ्यात सॉफ्टवेअरमधील वजनाचा रकाना अचानक रिकामा राहू लागला, मोडेमसाठी ‘पोर्ट सापडत नाही’ असा संदेश येऊ लागला, आणि एवढ्या भांडवलावर ठाण्यातील एका संगणक दुरुस्ती करणाऱ्याने माझ्याकडून २१,३०० रुपये उकळले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कितीतरी लहान कारखान्यांत, गोदामांत आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये यंत्रे आजही सीरियल पोर्टवरच चालतात, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

त्याने डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधील यादी) उघडला, पोर्टांच्या नावांपुढचे पिवळे त्रिकोण दाखवले आणि म्हणाला, “साहेब, बोर्डाचा पोर्ट सेक्शन जळालाय. मोडेमपण गेलाय.” इंडिकेटरवर वजन अचूक दिसत होते, फक्त ते संगणकापर्यंत पोहोचत नव्हते. बाहेर कंटेनरची रांग लागलेली, पावत्या हाताने लिहिणे चालू, अशा वेळी माणूस वाद घालत बसत नाही, हे अशा लोकांना पक्के ठाऊक असते. तो कॅबिनेट दुकानात घेऊन गेला आणि परत आणल्यावर मदरबोर्डचे १४,५०० व नव्या मोडेमचे ६,८०० रुपये घेतले. जुना बोर्ड मागितला, तर तो कंपनीला परत द्यावा लागतो असे उत्तर मिळाले. बिल हाताने लिहिलेले होते. त्यावर ना जीएसटी क्रमांक होता, ना बोर्डाचा सीरियल क्रमांक.

काही दिवस काम सुरळीत चालले आणि पुन्हा तेच दुखणे सुरू झाले. या वेळी काट्याची देखभाल करणारे तंत्रज्ञ आले होते, त्यांनी संगणकही पाहिला. बोर्ड नुकताच बदलला आहे असे सांगताच त्यांना शंका आली, कारण विंडोजचे ॲक्टिव्हेशन जसेच्या तसे होते. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो आणि बोर्ड बदलला की ते बहुधा पुन्हा ॲक्टिव्हेट करावे लागते. आमच्या राऊटरमध्ये या संगणकाच्या मॅक क्रमांकासाठी (लॅन कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक आयपी पत्ता राखून ठेवला आहे. लॅन कार्ड मदरबोर्डवरच असल्यामुळे बोर्ड बदलल्यावर हा क्रमांकही बदलायला हवा होता, पण तो जुनाच होता. शेवटी त्यांनी कॅबिनेट उघडले आणि बोर्डावरच्या लेबलचा सीरियल क्रमांक संगणक घेतानाच्या मूळ बिलाशी ताडून पाहिला. बोर्ड तोच होता; काहीही बदललेले नव्हते.

खरा दोष काटा आणि मोडेम यूएसबीला जोडणाऱ्या दोन कन्व्हर्टर केबलींत होता. दोन्हींत प्रॉलिफिक कंपनीच्या जुन्या पीएल-२३०३ मालिकेतील चिप होती. या चिपांच्या नकलांचा बाजारात सुळसुळाट झाल्यावर कंपनीने ड्रायव्हरच (चिप विंडोजमध्ये चालवणारे सॉफ्टवेअर) असे बदलले, की ते नकली चिपांना चालू होऊ देत नाहीत, आणि बंद केलेल्या जुन्या अस्सल चिपाही त्यात अडकतात. त्यांच्या नावापुढे ‘२०१२ पासून बंद, पुरवठादाराशी संपर्क साधा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. (अशाच चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या २०१४ मधील ड्रायव्हरने तर नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता.) विंडोज अपडेटने नवा ड्रायव्हर बसवला की केबल बंद पडते आणि २००८ सालचा ड्रायव्हर निवडला की ती पुन्हा चालू लागते. त्या माणसाने एवढेच केले होते. पुढच्या अपडेटने नवा ड्रायव्हर परत आणला आणि त्याचे बिंग फुटले.

ज्या बोर्डाचा पोर्ट जळाल्याचे सांगितले, त्यावर ‘कॉम १’ असे छापलेली नऊ पिनांची जोडणी होती आणि तिचा वापर कधी झालाच नव्हता. तंत्रज्ञांनी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) सीरियल पोर्ट चालू केला, त्या जोडणीला पट्टीसह केबल लावली आणि बाहेर आलेल्या कनेक्टरच्या दोन व तीन क्रमांकाच्या (घेण्याची व पाठवण्याची) पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. पुट्टी या पोर्टशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाइप केलेले प्रत्येक अक्षर लगेच पडद्यावर उमटले आणि तार काढताच उमटणे थांबले, म्हणजे पोर्ट पाठवतही होता आणि घेतही होता. सुदैवाने माझा ‘गेलेला’ मोडेम कपाटातच होता. तो त्याच पोर्टला लावून ‘एटी’ ही मोडेम चालू आहे का हे विचारणारी आज्ञा दिली, तर ‘ओके’ असे उत्तर आले. आता काटा बोर्डाच्या पोर्टवर आहे आणि मोडेम वेगळ्या चिपच्या नव्या केबलवर. सॉफ्टवेअर फक्त पहिले चार कॉम क्रमांक ओळखत असल्याने त्या केबलचा क्रमांक पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून बदलावा लागला.

आपला संगणक कोणी दुरुस्तीला नेत असेल, तर त्याच्या देखत कॅबिनेट उघडून बोर्डाच्या लेबलचे छायाचित्र काढा आणि मॅक क्रमांक लिहून ठेवा. बदललेला भाग परत मिळेल व नव्या भागाचा सीरियल क्रमांक बिलावर येईल, हे काम देण्यापूर्वीच लिहून घ्या. हे मान्य न करणाऱ्याकडे संगणक सोपवू नका.

जाब विचारल्यावर त्या दुकानदाराने फोन उचलणे बंद केले. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करणार आहे. व्यावसायिक वापर असला तरी स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक मानले जाते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. अर्जासोबत संगणकाचे मूळ बिल, लेबलचे छायाचित्र, राऊटरमधील नोंद आणि त्याचे हस्तलिखित बिल जोडत आहे.