शार्पी बारा, बूथ मॉनिटर शून्य: हायवेवरच्या क्लबमधली डीजे नाइट

खान्देशात 'डीजे' म्हटलं की डोळ्यांपुढे माणूस येत नाही, टेम्पोवर रचलेली बेसची भिंत येते. वरातीपुढे ती भिंत कधी नीट वाजते आणि कधी नुसती फाटते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. जळगाव-भुसावळ हायवेवरच्या या क्लबने एप्रिलमधल्या एका शनिवारी मुंबईहून दोन पाहुणे डीजे बोलावले आणि एकट्याला ९९९, जोडीला १,४९९ रुपये तिकीट लावलं, तेव्हा समोर उभं राहणारं पब्लिक या बाबतीत अडाणी नव्हतं. क्लबने ते तसं धरलं, इथेच पहिली चूक झाली.

पैसा कुठे गेला ते आत शिरताच दिसतं. दिवे टांगायच्या लोखंडी सांगाड्यावर, ट्रसवर, बारा शार्पी, म्हणजे फिरते प्रखर झोतदिवे, बूथमागे एलईडी वॉल, दोन धुराची मशीन. साउंडचं सामानही कमी नव्हतं: दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन टॉप (मधला आणि वरचा आवाज देणारे स्पीकर) आणि दोन डबल अठराचे, म्हणजे अठरा इंची दोन-दोन स्पीकरचे बेस. तीनशे माणसांच्या हॉलला एवढं पुरून उरतं. मग नाचायला उतरलेल्या निम्म्या लोकांपर्यंत बेस का पोहोचला नाही?

कारण बेस स्टेजच्या दोन टोकांना, एकमेकांपासून सुमारे नऊ मीटरवर ठेवले होते. डोळ्यांना ते छान दिसतं, कानांना नाही. ६० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण पावणेसहा मीटर लांब असते. ज्या जागी एका बाजूचा बेस दुसऱ्या बाजूपेक्षा जवळपास तीन मीटर लांब पडतो, तिथे दोन्हीकडच्या लाटा उलट्या भेटतात आणि एकमेकींना खातात. हॉलच्या बरोबर मधोमध दीड-दोन मीटरचा पट्टा छाती हलवत होता, तिथून चार पावलं डावीकडे सरकलं की किक ड्रम नुसता 'टप टप'. आणि भिंतीला टेकून दारू पिणाऱ्यांना पुन्हा ढणाढण, कारण भिंतीपाशी खालचा आवाज साचतो. म्हणजे बेस हवा होता नाचणाऱ्यांना आणि मिळाला गप्पा मारणाऱ्यांना. उपाय फुकटातला आहे: चारही बेस बूथच्या खाली मध्यभागी एकत्र ठेवायचे. टर्नटेबल असती तर सुई थरथरून फीडबॅक आला असता, पण इथे सगळं पेन ड्राइव्हवर वाजत होतं, तेव्हा तीही अडचण नव्हती. लग्नात साउंड लावणारी पोरं हे पुस्तकात न वाचता करतात. बेस एकत्र ठेवले की जोर वाढतो, एवढा हिशेब त्यांच्या हाताला ठाऊक असतो.

दुसरी गोष्ट छताची. हॉल म्हणजे पत्र्याचं शेडच, खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काच आणि दुसरी बाजू लॉनकडे उघडी. टॉप सरळ समोर रोखलेले, त्यामुळे अर्धा आवाज डोक्यांवरून पलीकडच्या भिंतीवर आणि पत्र्यावर जात होता. हायहॅटची (झांजेची) टिकटिक आणि गाणाऱ्याचा आवाज यांचा काला झाला. टॉप जरा खाली झुकवून तोंड माणसांकडे केलं असतं आणि मागच्या भिंतीवर मंडपवाल्याकडचं जाड कापड दुपदरी सोडलं असतं, तरी निम्मा घोळ मिटला असता. एलईडी वॉलच्या भाड्यापुढे कापडाचं भाडं म्हणजे चहापाणी.

बूथमधली तयारी तर त्याहून कच्ची. दोन सीडीजे-२०००एनएक्सएस२ प्लेअर आणि डीजेएम-९००एनएक्सएस२ मिक्सर. २०१६ सालचं सामान, पण आजही कुठल्याही चांगल्या क्लबला चालेल असं. फक्त प्लेअर एकमेकांना जोडलेलेच नव्हते. दोनच प्लेअर असतील तर मध्ये एक साधी लॅन केबल पुरते. मिक्सरही जोडायचा तर छोटा स्विच लागतो. कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळणारी ही केबल इथे नसल्यामुळे एका ड्राइव्हवरची गाणी दुसऱ्या प्लेअरवर दिसत नव्हती. पहिल्या पाहुण्याने अर्ध्या तासात तीनदा ड्राइव्ह बदलला. एकदा वाजत्या प्लेअरमधला ड्राइव्ह निघाला आणि प्लेअरने स्वतःहून चार बीटचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायला सुरुवात केली. ही त्या प्लेअरमधली आणीबाणीची सोय आहे, शांतता होऊ नये म्हणून. पब्लिकला वाटलं मुद्दाम बिल्डअप देतोय, टाळ्याही पडल्या.

बूथ मॉनिटर, म्हणजे डीजेकडे तोंड केलेला स्पीकर, मात्र अजिबात नव्हता, आणि रात्रीचं खरं दुखणं हेच. टॉप बूथच्या पुढे, तोंडं पब्लिककडे. डीजेला ऐकू येतो तो हॉलच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून आलेला आवाज. बूथपासून ती भिंत सुमारे चोवीस मीटर. जाऊन-येऊन आवाजाला अंदाजे १४० मिलिसेकंद लागतात. १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) दोन ठोक्यांमधलं अंतर ४८४ मिलिसेकंद. म्हणजे हेडफोनमधला ठोका आणि हॉलमधला ठोका यांच्यात या अंतराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी दरी. असं असताना कानाने मिक्स जुळवायला गेलं की न जुळलेल्या ठोक्यांच्या घोड्याच्या टापा ऐकू येणारच, आणि एका गाण्यावरून दुसऱ्यावर जातानाच्या दोन ट्रान्झिशन तशी गेलीही. त्यानंतर दोघांनी सरळ सिंक, म्हणजे ठोके आपोआप जुळवणारं बटण, दाबून ठेवला. त्यावर मागे कोणी तरी 'नुसतं बटण दाबतात रे' म्हणून हिणवलं, पण या परिस्थितीत सिंक वापरणं हाच शहाणपणा होता. चूक बटणाची नव्हे, दोन स्टँडवर दोन मॉनिटर न ठेवणाऱ्याची.

मिक्सरच्या मास्टरचा, म्हणजे एकूण आवाजाचा, मीटर सुरुवातीपासून लाल दिव्यात. पाहुणे आल्यावरही कोणी खाली आणला नाही, कारण साउंडवाला कन्सोलपाशी कमी आणि बारपाशी जास्त. मिक्सर लाल झाला की आवाज मोठा होत नाही, लाटेचं टोक सपाट कापलं जातं. त्या सपाट लाटेत सरासरी पॉवर वाढते आणि ती जाते टॉपच्या हॉर्नमागच्या ड्रायव्हरला, ज्याची कॉइल केसाएवढ्या तारेची. पावणेदहाला उजवीकडचा एक हॉर्न गेला. त्या बाजूला उरलेला वेळ सगळं गोधडीतून ऐकू येत होतं. शहाणे क्लब लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे न जाऊ देणारं यंत्र) लावून कुलूप घालतात, नाही तर निदान मास्टरच्या नॉबवर टेप चिकटवतात.

वेळेचं गणित. गेट सातला. लोकल ओपनरने, म्हणजे पाहुण्यांआधी वाजवणाऱ्या स्थानिक डीजेने, रिकाम्या हॉलमध्ये आठ वाजताच १४० बीपीएमचे ड्रॉप (गाण्यातले सगळ्यात जोरकस तुकडे) सोडायला सुरुवात केली. पंगत बसायच्या आधीच मठ्ठा वाटून मोकळा. ओपनरचं काम ११५-१२० वर माणसं सैल करायचं असतं, त्यात कमीपणा काही नाही. पाहुणे नऊ वाजून दहा मिनिटांनी चढले आणि १२४ वर आले, तेव्हा हॉल चढण्याऐवजी उतरला. आणि दहाला सगळं बंद. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. सूट बंदिस्त हॉलला. लॉनकडे उघडा असलेला हॉल बंदिस्त म्हणवत नाही. हे क्लबला तिकिटं छापतानाही माहीत होतंच. तरी पोस्टरवर 'लेट नाइट' आणि ज्यांच्यासाठी धुळ्या-चाळीसगावाहून लोक गाड्या काढून आले त्यांना दोघांत मिळून पन्नास मिनिटं.

उकाडा. नाचणारा माणूस साधारण २५० वॉट उष्णता सोडतो. तीनशे माणसांचे ७५ किलोवॉट, म्हणजे एकवीस टन एसी फक्त माणसांसाठी. पत्रा, दिवे आणि जळगावचा एप्रिल वेगळा. हॉलमध्ये दोन टनाचे सहा एसी, त्यातही एक बाजू उघडी. बाकी हिशेब ज्याचा त्याने करावा. पाण्याची बाटली मात्र ६० रुपयांना.

बारवर रांग ठीक, वयाचं ओळखपत्र नीट बघत होते. बिल मात्र तपासून घ्या: दारूवर जीएसटी लागत नाही, व्हॅट लागतो, आणि इथे एकूण रकमेवर जीएसटी लावलेली दोन बिलं समोरच दुरुस्त करून घेतली गेली. चखण्यात पनीर चिली, फ्राइज. खान्देशातल्या क्लबमध्ये निदान तिखट शेवेची एक प्लेट असायला हरकत नव्हती.

पाहुण्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. साडेनऊच्या सुमारास कोणी तरी कठड्यावर वाकून ओरडलं, 'भो, एखादं अहिराणी लाव ना!' दोघांतल्या धाकट्याने गाण्यासाठी पुढे केलेला मोबाइल नाकारला, पण पुढच्या ट्रॅकखाली हलगीसारखा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) घातला आणि चार मिनिटं तो टिकवला. संध्याकाळभरात हॉल एकदाच एकत्र उडाला, तो तेव्हा. हातात कसब होतं. त्याला ऐकायला मॉनिटर नव्हता, एवढंच.

पुढच्या महिन्यात इथेच दुसरी नाइट आहे. तिकीट काढायचंच असेल तर आधी फोन करून मुख्य डीजे किती वाजता चढणार ते विचारा, पोस्टरवरची वेळ नव्हे. साडेआठच्या आत असेल तर जायला हरकत नाही. मग बेस कुठे ठेवणार ते विचारा, आणि 'स्टेजच्या दोन्ही बाजूंना' असं उत्तर आलं तर जाऊन बरोबर मधल्या पट्ट्यात जागा धरा, नऊच्या आधी.