कॅमेरा घेण्याआधी सांगा, तुम्ही उभे कुठे राहता?

त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री गोव्यातल्या साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या काठावर आम्ही तिघे एका रांगेत उभे होतो. सजवलेल्या होड्या दिवे लावून पाण्यात सोडल्या की नदी काळीकुट्ट आणि दिवे पिवळेधम्मक, मधलं काही नाही. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून कठीण जागा शोधून सापडायची नाही. माझ्या हातात कॅननचा जी७ एक्स मार्क ३, मेहुण्याकडे सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ आणि वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या भाचीकडे ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७. तिन्ही खिशात मावणारे, तिन्ही रॉ (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ) फाइल देणारे. होडीही तिघांनी एकच टिपली.

घरी येऊन लॅपटॉपवर तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. माझ्या फोटोत होडी जरा लहान, पण ज्योत ज्योतीसारखी दिसत होती. मेहुण्याच्या फोटोत होडी अगदी हाताशी आलेली, पण काळोखात रवा सांडल्यासारखे दाणे. भाचीच्या फोटोत कॅमेऱ्याने दाणे पुसायच्या नादात पाण्यावरच्या लहरीही पुसून टाकलेल्या. लगेच मेहुण्याचा चेहरा पडला. पण इथेच निकाल दिला असता तर तो चुकीचा ठरला असता.

आधी हिशेब बघू. आम्ही तिघांनीही शटर साधारण १/६० सेकंदावर धरलं होतं. माझी लेन्स २४ ते १०० मिमी (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ येतं), अ‍ॅपर्चर एफ १.८ ते २.८ (उजेड आत घेणारं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं). पूर्ण झूम करूनही २.८ मिळाल्यामुळे माझं काम आयएसओ (उजेड टिपायची ताकद, ती वाढवली की दाणे वाढतात) ३२०० वर भागलं. सोनीची लेन्स २४ ते २०० मिमी, पण अ‍ॅपर्चर २.८ पासून सुरू होऊन ४.५ ला संपतं. म्हणजे तेवढ्याच उजेडात त्याला आयएसओ ८००० च्या आसपास जावं लागलं. टफची लेन्स १०० मिमीला ४.९ वर येते आणि त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, १/२.३ इंची. आमच्या दोघांच्या एक इंची सेन्सरचं क्षेत्रफळ त्याच्या चौपट भरतं. तिथे भाचीचा कॅमेरा हरणार हे घरातून निघतानाच ठरलेलं होतं.

मग मी माझा फोटो कापून होडी मेहुण्याच्या फोटोएवढी मोठी करून बघितली. २० मेगापिक्सेलमधले जेमतेम पाच उरले, आणि दाणे? जवळपास तेवढेच, कदाचित थोडे जास्तच. मेहुणा तेव्हा जो हसला, तो अजून हसतोय. लांबूनच टिपायचं असेल तर सोनी, पुढे सरकता येत असेल तर कॅनन, आणि नाक टेकवायचं असेल तर टफ. माझ्या मते हा निवाडा मेगापिक्सेलवर होत नाही, तुम्ही कुठे उभे राहता त्यावर होतो. जत्रेत मी गर्दीत शिरून पुढे जाणारा माणूस. मेहुणा मागे कठड्याला टेकून उभा राहतो, कारण त्याला धक्काबुक्की सहन होत नाही. म्हणजे दोघांनीही आपापल्या स्वभावाप्रमाणे बरोबर खरेदी केली होती, हे त्या रात्री कळलं.

रात्रीची सेटिंग

दिवे, समया, रोषणाई यांचे फोटो ऑटोवर ठेवून काढू नका. चौकटीत काळोख जास्त दिसला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि ज्योतीचा पांढरा ठिपका होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे एकवर आणा, प्रसंगी त्याहून खाली. कॅननवर यासाठी वरच वेगळी चकती आहे, काळोखात बोटाला सापडते. सोनीवर ती चकती नाही, बटणं दाबावी लागतात. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा दिव्याचा पिवळेपणा धुऊन टाकायला बघतो. तो डेलाइटवर ठेवा, म्हणजे तेलाचा दिवा तेलाच्या दिव्यासारखाच दिसेल. फ्लॅश बंद. तो पेटवून समईचा फोटो काढणाऱ्याला काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही.

शिगमोच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, मिरवणुकीत प्रश्न वेगळा असतो. रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचणारा जथा) अंगावर येत असतो, घोडेमोडणीवाले (कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणारे) गिरक्या घेत असतात. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप झेलतं, नाचणाऱ्याचे पाय ते थांबवू शकत नाही. तिथे शटर निदान १/२५० हवं. मी शटर प्रायॉरिटी लावतो, म्हणजे शटर मी ठरवतो, आणि आयएसओ ऑटोवर सोडतो. सोनीवर ऑटो आयएसओसाठी किमान शटर ठरवून ठेवता येतं, ते एकदा लावलं की विसरून जावं. टफवर शटर प्रायॉरिटीही नाही आणि पूर्ण मॅन्युअल मोडही नाही. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी आहे, पण त्यातही निवडायला दोन-तीनच आकडे. मिरवणुकीसाठी टफ घेऊ नका, एवढं बोलून पुढे जातो.

फोकसमध्ये मात्र कॅनन मार खातो, हे मालक या नात्याने कबूल करतो. त्याचं फोकस कॉन्ट्रास्ट पद्धतीचं आहे, मंद उजेडात पुढे-मागे चाचपडतं. सोनीत ३५७ फेज डिटेक्शन (न चाचपडता थेट फोकस धरणारे) बिंदू आहेत, डोळा पकडला की माणूस वळला तरी सोडत नाही, आणि सेकंदाला २० फोटो घेताना पडदा काळाही होत नाही. ढोल वाजवणाऱ्याचे माझे दहातले चार फोटो धड येतात, मेहुण्याचे आठ. त्याच्या फोटोत दाणे असतात, पण ढोलवाला असतो.

देवळातल्या मंडपात नाटक बसलेलं असताना आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावायचा मोह होतो. पण आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे कित्येक ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. ते डोळ्याला कळत नाही, इलेक्ट्रॉनिक शटरला कळतं आणि राजाच्या अंगरख्यावर आडवे पट्टे उमटतात. तिथे यांत्रिक शटर ठेवा, वेग १/५० किंवा १/१०० घ्या. या छोट्या कॅमेऱ्यांच्या यांत्रिक शटरचा आवाज असा कितीसा? पेटीवाल्याच्या सुरात बुडून जातो.

ऊन, वाळू आणि धबधबा

मिरामारला भर दुपारी मागचा पडदा दिसत नाही. चमक पूर्ण वाढवली तरी त्यात स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसतो. सोनीत वर उसळणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे. कॅननमध्ये नाही, टफमध्येही नाही. मला ही उणीव तीन वर्षं जाणवली नव्हती, कारण मी दुपारी समुद्रावर जात नाही. तुम्ही पर्यटकांना फिरवत असाल किंवा लग्नाआधीचे फोटो काढत असाल, तर पहिल्याच दिवशी जाणवेल.

कॅननची भरपाई दुसरीकडे होते. लख्ख उन्हात एफ १.८ वर फोटो काढायला गेलात तर हिशेबाने शटर १/१२००० च्या आसपास लागतं, आणि यांत्रिक शटर १/२००० ला थांबतं. कॅननच्या आत तीन स्टॉपचा एनडी फिल्टर आहे, म्हणजे उजेड एक अष्टमांश करणारी काळपट काच. तो चालू केला की तेच शटर १/१६०० वर येतं, मागची झाडं पुसट होतात आणि चेहरा उठून दिसतो. आरएक्स१०० च्या आधीच्या काही पिढ्यांत हा फिल्टर होता, मार्क ७ मध्ये नाही.

पावसाळ्यात हरवळ्याच्या धबधब्यावर हाच फिल्टर पुन्हा कामी येतो. पाणी दुधाच्या धारेसारखं हवं असेल तर शटर मंद लागतं. ढगाळ सावलीत एफ ११ वर १/८ मिळालं तरी इतक्या बारीक अ‍ॅपर्चरला एक इंची सेन्सरवर पानांच्या कडा बोथट होतात. एनडी लावून एफ ५.६ वर १/४ मिळतं, कडाही शाबूत राहतात. तिपाई नको, कठड्यावर पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन सलीम अली अभयारण्यात खंड्या टिपायचा बेत असेल, तर यांपैकी एकही घेऊ नका. सोनीचे २०० मिमीही तिथे तोकडे पडतात. कांदळवनाच्या फांदीवर निळा ठिपका येईल, आणि तो खंड्या आहे हे तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल.

नाक टेकवायची गोष्ट

एवढा वेळ टफ हरत आला, म्हणून त्याची बाजू सावकाश सांगतो. श्रावणात भाची आम्हाला सड्यावर (कातळाच्या पठारावर) घेऊन गेली. जांभा दगडावर बोटभर पाणी साचलेलं आणि त्यात सीतेच्या आसवांची जांभळी फुलं, नखाएवढीसुद्धा नाहीत. पाऊस भुरभुरत होता. मी कॅनन शर्टाच्या आत धरून छत्री सांभाळत होतो. ती सरळ पालथी झोपली आणि कॅमेरा पाण्यात टेकवला. टफच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सच्या काचेपासून एक सेंटिमीटरवर फोकस होतं. इतक्या जवळून पाकळीची कड स्पष्ट आली तर मागचा देठ धूसर होतो, म्हणून तिने फोकस स्टॅकिंग लावलं. कॅमेरा स्वतःच फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घेतो आणि आतल्या आत एक करून देतो. पडद्यावर दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची पानं दिसली: प्रत्येक लालसर केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट. माझा कॅनन पाच सेंटिमीटरपर्यंत जातो आणि मला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी तो उतरला.

१२ मेगापिक्सेल कमी वाटतात? ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तेरा बाय दहा इंचांची छपाई होते. भिंतीवर याहून मोठं किती जण लावतात? चवथीच्या माटोळीला (गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला) बांधलेलं चिबूड, तोरिंग, सुपारीचे घोस अगदी जवळून टिपायलाही हाच कॅमेरा बरा. फक्त सगळी माटोळी एका चौकटीत हवी असेल तर पुन्हा एक इंची सेन्सरकडे या, कारण घरातल्या ट्यूबच्या उजेडात टफला आयएसओ वाढवावाच लागतो.

टफ १५ मीटर खोल पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडला तरी सोसतो. पण बॅटरीच्या झाकणाच्या रबरी कडेला एक केस जरी अडकला तरी पाणी आत. आणि समुद्रातून वर आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून धुवायचा, नाहीतर मीठ बटणांत बसतं.

बुरशी

हा मुद्दा शोरूममध्ये कुणी काढत नाही. माझा याआधीचा कॅमेरा मृगापासून चवथीपर्यंत कपाटात पडून होता. बाहेर काढला तर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. दुरुस्तीवाल्याने तो उजेडापुढे धरून बघितला, खर्च सांगितला आणि माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. नवा घेणं स्वस्त होतं. बाहेर येणारी लेन्स दर वेळी दमट हवा आत ओढते, आणि लेन्स सुटी करता येत नसल्याने आतून पुसणं आपल्या हातात नसतं. कॅनन आणि सोनी दोघांच्या लेन्स अशाच. टफची लेन्स आतल्या आत हलते, बाहेर येत नाही, म्हणून तो या बाबतीत निर्धास्त.

उपाय महागडा नाही. घट्ट झाकणाचा डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल, रंग बदलला की तव्यावर गरम करून पुन्हा आत. आठवड्यातून एकदा कॅमेरा काढून दहा-पंधरा फोटो घ्या. एसी गाडीतून उतरताना कॅमेरा लगेच उघडू नका. बंद पिशवीत पाव तास राहू द्या, नाहीतर काचेवर धुकं धरतं.

आता माझं मत मागाल तर: देऊळ, घर, माणसं, नाटक यांसाठी कॅनन. मुलांचे खेळ, मिरवणुका आणि लांबून टिपायची सवय असेल तर सोनी. पाऊस, पाणी, फुलं, किडे असतील तर टफ, आणि त्याच्या रात्रीच्या फोटोंबद्दल कुरकुर करायची नाही. मी पुन्हा कॅननच घेईन, पण फोकसवरून त्याला शिव्या घालतच.

जुना घेत असाल तर दुकानात दोन गोष्टी करा. कॅमेरा चालू करून लेन्स पूर्ण बाहेर काढा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका मारून काचेत बघा. जाळं असेल तर तिथेच दिसतं. मग अ‍ॅपर्चर सर्वांत बारीक ठेवून दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करा. सेन्सरवर धूळ असेल तर राखाडी ठिपके उमटतात. दुकानदार म्हणेल, ते भिंतीवरचेच डाग आहेत. कॅमेरा थोडा हलवून दुसरा फोटो काढा. डाग भिंतीचे असतील तर जागा बदलतील.