‘इम्पोर्टेड ब्लॅक सँड’ घेताय? आधी पिशवी उघडायला लावा

पांडा कोरी (मिशांचा एक छोटा मासा) किंवा तळाशी वावरणारे असे छोटे मासे पाळत असाल, तर टाकीच्या तळाला घालायला मिळणाऱ्या ‘इम्पोर्टेड व्होल्कॅनिक ब्लॅक सँड’च्या पिशवीपासून सावध राहा. ठाण्यातल्या एका दुकानदाराने मला पाच किलोची पिशवी नऊशेला गळ्यात मारली. वर दोन दाण्यांवर व्हिनेगर टाकून दाखवलं. ‘बघा, फेस नाही. एकदम सेफ.’ बिल मागितलं तर म्हणे, ‘साहेब, आपल्यात कसलं बिल!’

खरी मेख त्या व्हिनेगरमध्येच आहे. फेस येतो तो संगमरवराच्या किंवा शिंपल्यांच्या चुऱ्याला, कारण त्यात चुना असतो आणि त्याने पाण्यातले क्षार वाढून पाणी जड होतं. दाणा धारदार आहे की गोल, हे त्यातून काडीमात्र कळत नाही. आणि कोरीला नेमकं तेच महत्त्वाचं. हा मासा तोंड वाळूत खुपसतो, खाणं टिपतो आणि वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. दिवसभर हाच उद्योग. टोकदार दाण्यांनी मिशा झिजतात, तळाला घाण असेल तर जखमा चिघळतात.

माझ्या माशांच्या मिशांचे खुंट उरले. दुकानदाराचं उत्तर तयार होतं, ‘पाणी बदलत नसाल.’ अमोनिया, नायट्राइट शून्य, म्हणजे पाणी स्वच्छ असल्याचे टेस्ट किटचे फोटो दाखवले, तर ‘उघडलेला माल परत घेत नाही.’

उरलेली वाळू शेजारच्या बांधकामावरच्या मुकादमाला दाखवली. त्याने चिमूट चोळली आणि हसला. ‘ही तर क्रश सँड!’ खडी क्रशरवर काळा दगड फोडून केलेली, ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या) भावाने मिळणारी, स्लॅबमध्ये जाते ती. तिचा ढीग तिथेच पडला होता. आता ‘व्होल्कॅनिक’ म्हणाल तर तेही खोटं नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाचाच. फक्त ‘इम्पोर्टेड’ म्हणजे कुठल्या खाणीतून, ते विचारायचं राहिलं.

वाळू घेताना पिशवी उघडायला लावा. ओली चिमूट बोटांत चोळा, टोचली तर घेऊ नका. मोबाईलचा कॅमेरा झूम करून दाण्यांच्या कडा बघा. स्विमिंग पूलच्या फिल्टरची बारीक, गोल दाण्यांची वाळू चालते आणि स्वस्तही पडते. मात्र पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मुळापासून गेल्या नसतील तर मिशा पुन्हा वाढतात. माझ्या दोघांच्या वाढताहेत.

त्या दुकानात परवा तीच पिशवी दिसली. लेबल नवं होतं: ‘खास झिंग्यांसाठी’.