मालवणात राहायचं की तारकर्लीत?

कोल्हापुरातून सहकुटुंब निघणाऱ्यांचं घोडं इथंच अडतं. दोन्हींत सहा-सात किलोमीटरचंच अंतर, पण मुक्कामाची तऱ्हा वेगळी.

एसटीनं जाणार असाल तर मालवण. स्टँड, बाजार, खानावळी, एटीएम, औषधाचं दुकान सगळं जवळ. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीही इथल्याच जेटीवरून. मात्र पुळण बाजाराला लागून नाही, त्यासाठी गावातल्याच चिवला किनाऱ्यावर जावं लागतं.

तारकर्लीत पुळण आहे, पण रात्री रिक्षा मिळेलच असं नाही. त्यामुळं स्वतःची गाडी हवी. 'समुद्रालगत' या पाटीवर जाऊ नका. वाळूपर्यंत किती मिनिटं चालायचं, मध्ये रस्ता आहे का, हे फोनवरच विचारा. मागून कटकट नको म्हणून जनरेटर, मच्छरदाणी आणि आंघोळीचं पाणी खारट आहे का, हेही. भाडं शनिवार-रविवारी आणि दिवाळी-नाताळात चढतं.

जेवण? तारकर्लीच्या घरगुती मुक्कामी आधी सांगावं लागतं, कारण मासळी माणसं मोजून आणतात. ऐनवेळी सांगितलं तर सुरमई सोडा, सोलकढीवर भागवायची वेळ येते.

लहान मुलं आणि दोन रात्री असतील तर तारकर्ली. म्हातारी माणसं किंवा एकच रात्र असेल तर मालवण. पावसाळ्यात होड्या बंद आणि समुद्र खवळलेला, तेव्हाही मालवणच.